वरच्या खोलीला बोलावणं नाही

अन्थूलाबाईंनी इलिंकाच्या हातातली सुरी काढून घेतली.

"वांगं आहे ते, सरपण नाही. आईने काही शिकवलंय की नाही तुला?"

"आईने इथे शिकायला पाठवलंय, मावशी. राबायला नाही," इलिंका म्हणाली. मग दोघीही हसल्या आणि सुरी पुन्हा इलिंकाच्या हातात गेली.

वरच्या खोलीच्या खिडकीत मारीके केस विंचरत होती. गुंत्यात कंगवा तिने इतक्या जोरात ओढला की डोळ्यांत पाणी आलं. बरंच झालं, निदान पाणी यायला कारण तरी मिळालं. एकीने बोलणी खावीत आणि ती ऐकून दुसरीच्या पोटात दुखावं, असं सहसा होत नाही. पण मारीकेच्या पोटात दुखत होतं खरं. महिना उलटून गेला तरी ह्या घरात तिला एकदाही कुणी झापलं नव्हतं.

दोघी जुलैच्या सुरुवातीला ग्रीसमधल्या कावालाला आल्या होत्या, उन्हाळी वर्गात ग्रीक शिकायला. मारीके हॉलंडमधल्या ग्रोनिंगनची, इलिंका रुमानियातल्या याशची. जुन्या वस्तीच्या चढावर अन्थूलाबाईंचं घर होतं. खाली तीन-चार बिऱ्हाडांचं सामाईक अंगण, अंगणातून वर जाणारा जिना आणि जिन्याच्या टोकाला दोघींची मिळून एक खोली. इलिंकाने दुसऱ्याच दिवशी 'बाई' सोडून 'मावशी' धरलं आणि आठवडा संपायच्या आत 'तुम्ही'चं 'तू' केलं. मारीकेला ते काही जमेना. तिच्या गावी सख्ख्या आजीकडे जायचं तरी आधी फोन करून वार आणि वेळ ठरवतात. न विचारता कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा येई. ती शेवटच्या पायरीवर थांबून "येऊ का?" असं विचारी. मग अन्थूलाबाई लगबगीने उठत, एप्रनने खुर्ची पुसत, कपाटातला चांगला कप काढत. इलिंकाला मात्र डुगडुगणारं स्टूल आणि निवडायला शेंगा मिळत. मारीकेला ते स्टूल हवं होतं.

नावाचंही तेच. इलिंकाला सगळे इलिंका म्हणत. मारीकेचं मात्र पहिल्या दिवसापासून अंगणातल्या सगळ्यांनी 'मारिया' करून टाकलं होतं. आपलं धड नाव घ्यायची तसदीही कुणाला घ्यावीशी वाटत नाही, ह्याची तिने मनात नोंद करून ठेवली होती.

मग तिने फिरण्याचा सपाटा लावला. सकाळी वर्ग, दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना गृहपाठ, आणि रविवार आला की पाठीला पिशवी अडकवून एकटीच बाहेर. किल्ला झाला, बोटीने थासोस बेट झालं, फिलिपीचं दगडी नाट्यगृह तर तिने दोनदा पाहिलं. ती निघाली की अन्थूलाबाई उकडलेले बटाटे, टोमॅटो आणि पावाचं पुडकं हातात देत आणि सावलीत बसायला बजावत. ह्यातही तिला आपल्याला वाटेला लावण्याची घाईच दिसे. खालच्या बिऱ्हाडातले थ्रासोसकाका जन्मभर फेरीबोटीवर काम करून आता तुळशीच्या कुंड्यांना पाणी घालत बसलेले असत. पोरगी पुन्हा दगडांची हजेरी घ्यायला निघाली, असं म्हणून ते मिशीत हसत. संध्याकाळी नाक उन्हाने सोलवटून ती परत येई तेव्हा अंगणात हशा पिकलेला असे. कशावर हसतायत ते तिला कधीच कळत नसे, कारण गोष्टीची सुरुवात ती नसताना झालेली असे. विचारलं तर इलिंका सांगायची सगळं, पण सांगितलेल्या विनोदावर कुणाला हसू येतं?

जुलैअखेरीस शेजारच्या वूलाचा नामदिन आला. ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलेलं असतं त्याच्या सणाला इथे वाढदिवसापेक्षा जास्त मान. संध्याकाळी इलिंका मिठाईचा खोका घेऊन शेजारी गेली आणि बऱ्याच उशिरा झाकल्या ताटल्या घेऊन परतली.

"तुला कधी बोलावलं त्यांनी?" मारीकेने विचारलं.

"बोलवायचं काय त्यात? गेले."

हे ऐकून मारीकेने पुस्तकात डोकं घातलं. बोलावणं आल्याशिवाय कुणी कुणाकडे जातं का? तेव्हा इलिंका खोटं बोलत होती, आणि तेही तिची कीव येऊन, असा तिने अर्थ लावला. कीव आल्याचा राग तिला बोलावणं न आल्याच्या रागापेक्षा जास्त आला.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला माता मारियेचा सण. त्याआधीचा पंधरवडा बाईंचा उपास होता, म्हणून तर घरात रोज वांगी शिजत होती. आदल्या दिवशी दुपारी मारीके पाणी प्यायला खाली गेली, तर बाई आणि इलिंका ओट्याशी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. तिला पाहताच दोघी गप्प झाल्या. इलिंकाने फितीने बांधलेला एक मोठा खोका पायाने टेबलाखाली सारला. मारीकेने पाणी प्यायलं, पेला विसळून जागच्या जागी ठेवला आणि आभार मानून वर आली.

सणाच्या दिवशी सकाळी चर्चहून आल्या आल्या इलिंकाने खोली झाडायला काढली. गालिचा कठड्यावर टाकून बडवला, दोन्ही पलंगांना कोऱ्या चादरी घातल्या, मारीकेची पुस्तकंसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवली.

"एवढं काय आज?"

"सण नाही का? बरं, तू आज कुठे जायचं ठरवलं नाहीस ना?"

मारीके कुठेच जाणार नव्हती, पण हा प्रश्न तिला टोचला. थोड्या वेळाने अन्थूलाबाई स्वतः जिन्यापाशी आल्या. पीठ लागलेले हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

"मारिया, संध्याकाळी कुठे भटकू नकोस हं, पोरी. घरीच राहा. वर."

वर म्हणे. आता मात्र काही शंका उरली नाही. खाली अख्ख्या अंगणाचा जलसा होणार, आणि वरच्या खोलीने वरच राहायचं. इतके दिवस तिला नुसतं बोलावत नव्हते, आज येऊ नको म्हणून बजावून गेले. दुपारी जिन्यात बसून तिने आईला फोन लावला. इथे सगळं छान आहे, असं सांगता सांगता तिला रडू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या थ्रासोसकाकांनी एकदा वर पाहिलं, नळ बंद केला आणि पाऊल न वाजवता ते घरात गेले.

दिवेलागणीच्या सुमारास इलिंका बाईंना मदत करायला खाली उतरली. जाताना तिने मारीकेचा निळा झगा इस्त्री करून पलंगावर पसरून ठेवला होता. मारीकेला वाटलं, हिला आता माझा झगाही घालायचा असेल. तिने तो घडी घालून कपाटात टाकला, दाराची कडी आतून लावली, एवढ्या उकाड्यात खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या आणि दिवा मालवून ती पलंगावर पडली. खाली रेडिओ लागला होता. बश्या वाजत होत्या. वूलाचा आवाज, अनोळखी बायकांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. प्रत्येक आवाज तिने कान देऊन ऐकला आणि प्रत्येक आवाजाने ती आणखी तापली.

मग जिना वाजला. एकाच्या पायांनी वाजतो तसा नाही, पुष्कळ पावलांनी. दारावर थाप पडली.

"मारीके?" इलिंकाचा आवाज. "मारीके, आहेस ना आत?"

ती हलली नाही. आता दया येऊन मला घ्यायला आलात होय, तिने मनात म्हटलं. बसा तिथेच. पुन्हा थाप पडली, आधीपेक्षा हलकी. थ्रासोसकाका दबक्या आवाजात काहीतरी सांगू लागले, बाईंनी 'अगं बाई' म्हटलं, आणि पावलं एकेक करून खाली गेली. खाली रेडिओही बंद झाला. बघता बघता अंगण चिडीचूप झालं. आपण त्यांच्या सणाचा विरस केला हे मारीकेला कळलं. खरं सांगायचं तर तिला गोड वाटलं. रात्री इलिंका खोलीत आली नाही, म्हणजे ती मावशीकडेच झोपली, हे लक्षात येईपर्यंतच तो गोडवा टिकला.

सकाळी दार वाजलं तेव्हा ती जागीच होती. उघडलं तर समोर अन्थूलाबाई, नखशिखांत काळ्या कपड्यांत. हातात ताट, ताटात बिनसाखरेची कॉफी, ब्रँडीचा लहानसा पेला आणि एक टोस्ट. मागे थ्रासोसकाका टोपी छातीशी धरून उभे होते. इलिंकाचे डोळे सुजलेले होते.

बाईंनी ताट ठेवलं, मारीकेला पलंगावर बसवलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. त्यांच्या अंगाला लसणाचा आणि साबणाचा वास येत होता. दुसऱ्या बाजूला इलिंका बसली आणि तिने मारीकेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुला आयुष्य लाभो," थ्रासोसकाका म्हणाले.

"कोण गं गेलं, बाळ?" बाईंनी विचारलं. "आई तर नाही ना?"

मारीकेला आधी काही कळलं नाही. मग दुखवट्याला इथे देतात ती कडू कॉफी, ब्रँडी, काळे कपडे एकेक करून तिच्या ध्यानात आले. कुणीतरी मेलं असं ह्यांनी धरलं होतं. पाठीवर बाईंचा हात फिरत होता, इलिंकाचे अंगठे तिच्या मुठीवर फिरत होते. हेच तर तिला उन्हाळाभर हवं होतं. आजीचं नाव घेतलं असतं तर हे सगळं तिचं झालं असतं, निदान जाण्याच्या दिवसापर्यंत. आणि आजी तर लांब ग्रोनिंगनमध्ये, सुखरूप. आजीचं नाव ओठांपर्यंत आलं होतं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही गेलं."

पाठीवरचा हात थांबला.

"मग दार का बंद ठेवलंस? नामदिनाला दार बंद ठेवायचं म्हणजे..." बाईंनी पुढचं बोलायचं टाळून छातीवर क्रूस काढला. "सुतकातली माणसं ठेवतात. थ्रासोसने तुला रडताना पाहिलं. आम्ही म्हटलं, बातमी आली घरून."

"मला बोलावलं नाही म्हणून."

"कुठे?"

"खाली. तुमच्याकडे."

अन्थूलाबाईंनी थ्रासोसकाकांकडे पाहिलं. काकांनी टोपी डोक्यावर घातली.

"खाली काय होतं?" बाई म्हणाल्या. "आम्ही वर येत होतो. काल मारियाचा दिवस. तुझा. ज्याचा दिवस त्याने घरी राहायचं, दार उघडं ठेवायचं, की लोक येतात. म्हणून तर तुला म्हटलं घरीच राहा. दोन दिवस खपून ही सगळी वस्ती तुझ्या दारात आणली, पोरी. आपल्याच घरी आपल्याला कोण बोलावणार?"

मारीकेने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ताटातली ब्रँडी उचलली, एका घोटात स्वतःच पिऊन टाकली आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांनी काळ्या बाहीने डोळे पुसले. कठड्यापाशी जाऊन त्यांनी अंगणात ओरडून सांगितलं, की वूला, हिचे सगळे जिवंत आहेत, मिठाई झाकून ठेवली आहेस ती आण. मग थ्रासोसकाकांना पुढे घालून त्या कपडे बदलायला खाली गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. इलिंकाने हात सोडला होता. ती उठून दारापाशी गेली होती. ती हसत नव्हती.

"मी रात्री रडले तुझ्यासाठी," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं. खरंच."

"ते कळलं." इलिंकाने चौकटीवर नख ओढलं. "आल्यापासून मी खाली भांडी घासतेय. शेंगा निवडतेय, शिव्या खातेय, कुणाकडे काय झालं ते पाठ करतेय. माझ्यासाठी कुणी कधी हा जिना चढलं नाही. आणि तू नुसती इथे बसून राहिलीस."

मारीके पलंगावर सरकली आणि तिने शेजारी जागा केली. जिन्यावर पुन्हा पावलं वाजू लागली, बश्यांचा आवाज जवळ येऊ लागला.

इलिंका बसली नाही. पण खालीही गेली नाही.