सावेली कुझ्मिचची खुर्ची

ग्लेब झारुबिनने आयुष्यात एकच गोष्ट जीव तोडून मागितली होती, ती म्हणजे खुर्ची. साधीसुधी नव्हे, पहिल्या नंबरची. येकातेरिनबुर्गच्या बँकेत कर्जाच्या अर्जांवर शिक्के मारण्यापासून गड्याने सुरुवात केली. मग कोळशाच्या खाणींची कर्जं, मग वीजकेंद्रांची. बँकेने एका गॅस कंपनीत मोठा हिस्सा घेतला तेव्हा थेट तिच्या संचालक मंडळावर. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मागाहून घालतात, हे त्याला तिथे बसल्यावर कळलं. पण बैठकीत असा ठोकून द्यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा विहिरीच्या तोंडाशीच जन्मला!

अशात त्याच कंपनीच्या सेवेरनी यार इथल्या गॅसक्षेत्राचा प्रमुख, सावेली कुझ्मिच, टेबलावरच मान टाकून गेला. मॉस्कोहून ग्लेबला फोन आला, "जा, तूर्त तूच सांभाळ. म्हाताऱ्याचा चाळिसावा दिवस होऊ दे, त्याच दिवशी मतदान घेऊ. त्याआधी बरं दिसत नाही." ग्लेबने बायकोला आणि ऊल्याला, आपल्या लेकीला, मॉस्कोत ठेवलं आणि विमान पकडलं.

ऑफिसात सेक्रेटरी कापितोलिना पाव्लोव्हना वाट बघत होती. अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ बाई. ग्लेबच्या महागड्या अत्तराच्या वासाने तिने नाक मुरडलं. टेबलावर सावेली कुझ्मिचचा काळ्या फितीतला फोटो, आणि त्याच्यापुढे व्होडकाचा पेला. पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा.

"हे उचला आधी," ग्लेब म्हणाला.

"काहीतरीच काय! मेल्यावर चाळीस दिवस माणूस घरातच असतो, हा पेला-पाव म्हणजे त्याची जागा, ठाऊक नाही का तुम्हाला? आणि त्यांचं घर म्हणजे हीच खोली. घरी कोण होतं त्यांचं?"

"आत्ता मॉस्कोची बैठक आहे पडद्यावर. नवा साहेब पहिल्याच दिवशी पेला मांडून बसलाय, असं दिसू दे का त्यांना?"

असं नव्हे की त्याला कळत नव्हतं. त्या पावाला हात लावायचा नाही, हे तिकडे शेंबडं पोरही जाणतं. पण ग्लेबचा बाप दारूतच वाहून गेला होता. व्होडका दिसली की याचं डोकं फिरायचं. त्याने पेला उचलला, बेसिनमध्ये रिकामा केला आणि पाव कचऱ्यात टाकला.

कापितोलिनाने छातीवर क्रूसाची खूण केली. "अहो, हे काय करून बसलात! आता ते बसतील कुठे?"

"बसू नका म्हणावं. निघा," ग्लेब हसला आणि खुर्चीत बसला. खुर्ची गरम होती. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी चहा आला. ग्लेबने साखरेचा खडा दातांत धरला आणि वरून चहा ओढला. अर्धा कप संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण तर साखर कधीच सोडली! कापितोलिना दारात उभी राहून बघत होती. मग ती आत आली आणि तिने साखरेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

मग ती कॉम्प्रेसरची गोष्ट. मुख्य इंजिनिअर रिनात त्याला यंत्रं दाखवत होता. ग्लेब चालता चालता थांबला, एका पाइपावर त्याने तळहात ठेवला.

"रिनात, पोरा, हे बंद कर. बेअरिंग जायला आलंय याचं."

"मीटरवर तर सगळं ठीक आहे, ग्लेब लेओनिदोविच."

"मीटरला काय कळतंय! बंद कर म्हणतो ना!"

उघडलं तर बेअरिंग जळून निळं पडलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर अख्खी शेड उडाली असती. रिनातने टोपी काढून कपाळ पुसलं. "मला 'पोरा' म्हणणारा इथे एकच माणूस होता," तो हळूच म्हणाला.

ग्लेबने चपापून आपला तळहात पाहिला. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतकी वर्षं लोक पाठीमागे त्याला बँकवाला म्हणून हिणवत आले होते. आता पडद्यावरून मॉस्कोवाले विचारायचे, कुठे खणायचं, कुठली विहीर थकली, आणि उत्तर त्याच्या तोंडात तयार असायचं. "अरे, हा तर पक्का गॅसवाला निघाला!" अध्यक्ष म्हणाले. खुर्ची आता हाताच्या अंतरावर आली होती.

एका संध्याकाळी ऊल्याचा फोन आला.

"बाबांना द्या ना जरा."

"मीच बोलतोय, बाळा."

"बाबा नाहीयेत हे. आई गं, फोनवर कोणीतरी म्हातारे आजोबा आहेत!" आणि फोन बंद झाला.

आता मात्र तो हादरला. लेकीला आपला आवाज ओळखू येऊ नये! तो तसाच कापितोलिनाकडे गेला. ती जणू याचीच वाट बघत होती.

"नवा पेला भरते. तुमच्या हाताने पाव ठेवा वर, माफी मागा. जागा मिळाली की उठतील ते. आडमुठे होते, पण दुष्ट नव्हते."

"आणि त्यांना जे ठाऊक आहे, ते?"

"ते त्यांचं. त्यांच्याबरोबर जाणार."

ग्लेबने मनात हिशेब घातला. मतदान तोंडावर आलं होतं. त्या म्हाताऱ्यावाचून पडद्यासमोर बसायचं म्हणजे अब्रूचं खोबरं.

"मतदान होऊ दे. मग लगेच करू."

"चाळिसाव्याला निरोप द्यावाच लागतो हो. ती वेळ टळली तर माझ्या हातात काही नाही."

"त्याच दिवशी करू म्हटलं ना! डोकं खाऊ नका."

चाळिसाव्या दिवशी खाली कॅन्टीनमध्ये सगळे जमले. गव्हाची गोड खीर, पातळ धिरडी, पेले न भिडवता पिणं, सगळं रीतसर. ग्लेब वर पडद्यासमोर बसून होता. एकेक हात वर गेला. एकही खाली राहिला नाही. खुर्ची त्याची झाली! तो जिने उतरत धावला.

माणसं कोट चढवून निघाली होती. कापितोलिना एकटीच ताटं आवरत होती.

"भरा पेला! आत्ताच्या आत्ता!"

"निरोप देऊन झाला," ती म्हणाली. "सगळे उभे राहिलो, दार उघडलं. माझ्या अंगावरून कोणीतरी गेलं बाहेर."

"गेला ना? मग सुटलो!"

तिने पुसायचं फडकं खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. "गेलं त्याला महागड्या अत्तराचा वास होता. आमच्यात असलं कोणी लावत नाही."

तेवढ्यात समोर उभ्या असलेल्या त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"कापितोलिना, ही ऊल्या कोण गं?"

फोन वाजतच राहिला. तिने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"असेल कोणाची तरी मुलगी," ती म्हणाली.