मला नमुना म्हणतात

मी एक घडीची खुर्ची. पण आमच्या छोट्या कारखान्यात सगळे मला 'नमुना' म्हणतात. ताईच्या मते इथे नमुने दोन आहेत, एक मी आणि दुसरा तिचा थोरला भाऊ.

तो दादा. त्यानेच मला घडवलं. गुडघ्यांमुळे त्यांच्या आईला वाकता येईना, म्हणून एका हाताने उघडेल अशी बिजागरी त्याने पाच महिने खपून जमवली. आई माझ्यावर बसली आणि म्हणाली, "जमलं रे तुला!" आई आता नाही. तिच्या हाताने गुळगुळीत झालेली माझी कड मात्र तशीच आहे.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीचा करार आला. चाळीस पानं, आणि सातही कामगारांना वर्षभर पुरेल एवढं काम. त्यांचा माणूस चार वाजता सही न्यायला येणार होता. ताईने परस्पर वकीलबाईंना बोलावलं, तसा दादा भडकला.

"तायडे, वकील कशाला? आपल्याला काय भांडायचंय?"

"भांडावं लागू नये म्हणूनच बोलावलंय."

वकीलबाई माझ्यावर बसून वाचू लागल्या. एकविसाव्या पानावर त्या एकदम ताठ झाल्या.

"इथे लिहिलंय, नमुना कायमचा त्यांच्या मालकीचा. तुम्ही यातून काय समजलात?"

"ही खुर्ची द्यायची. जीव तुटतो हो, पण देऊ. मी दुसरी बनवीन."

"नाही बनवता येणार. नमुना म्हणजे हिची सगळी रचना, बिजागरीसकट. पुढची खुर्ची बनवायला तुम्हाला त्यांची परवानगी लागेल."

दादाने ते पान ओढून घेतलं आणि पुन्हा वाचलं. पावणेचार वाजले होते.

तो माणूस आला तो पेन काढूनच. वकीलबाईंनी तेवढा एक शब्द बदलायला सांगितला.

"आमचे करार बदलत नाहीत. सही करताय, की मी दुसरीकडे जाऊ?"

यंत्रं थांबली. सातही जण दारात येऊन उभे राहिले. दादाने माझ्या गुळगुळीत कडेवर हात ठेवला.

"खुर्च्या हव्या तेवढ्या घ्या," तो म्हणाला. "नमुना आमचाच राहील."

माणूस कागद उचलून चालता झाला.

आज आठवा दिवस. कंपनीचा फोन आलेला नाही. कामगार रोज ताईकडे बघतात आणि मला अपराधी वाटतं. "यापुढचा प्रत्येक कागद आधी तुम्ही बघायचा," असं दादाने वकीलबाईंना सांगून ठेवलंय. आणि आज सकाळी त्याने माझ्यासारखीच दुसरी खुर्ची बनवली. कुणालाही न विचारता.

एक सांगायचं राहिलं. वकीलबाई आल्या नसत्या, तर दादा त्या दिवशी दारातच सही करून मोकळा होणार होता. माणसं एवढ्या मोठ्या सह्या उभ्याउभ्या का करतात, कोण जाणे. अहो, मी आहे ना इथे. आधी बसा.