दोन बोटं

"अभिनंदन!" तपासणीच्या खोलीतली डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमची कंबर आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगली चालते."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर बाईंचे हात धरून आभार मानले असते. भिंगरीच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. तिच्या पायांना जमीन कितपत कळते हा भाग वेगळा, पण सरकली एवढं खरं.

भानगड अशी होती. अपंगांच्या कयाक शर्यतीत, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या चिंचोळ्या नावेच्या शर्यतीत, तीन गट असतात. पहिल्यात ज्यांचे फक्त हात चालतात ते. दुसऱ्यात ज्यांना हातांच्या जोडीला कंबर थोडीफार साथ देते ते. आणि तिसऱ्यात ज्यांची कंबर ठणठणीत आहे, शिवाय एखादा पायही जोर लावतो असे. भिंगरी दुसऱ्या गटातली. या जागतिक स्पर्धेत त्या गटाचं पदक हीच नेणार, असं तिच्याकडून हरलेल्या बायकासुद्धा म्हणत होत्या. आणि ऐन शर्यतीच्या आदल्या दिवशी या शहाण्यांनी तिला उचलून तिसऱ्या गटात टाकलं. का, तर म्हणे तू फार छान वल्हवतेस! सायकल जोरात हाणली म्हणून माणसाला मोटारसायकलींच्या शर्यतीत ढकलावं, त्यातलीच गत.

नावा ठेवायच्या शेडमध्ये तिचे बाबा आणि कोच वाट बघत उभे होते. बाबा म्हणजे सोफा-खुर्च्यांच्या गाद्या नि कव्हरं करणारे कारागीर. लेकीच्या नावेतली बैठक त्यांच्याच हातची, म्हणून पथकाबरोबर मदतनीस म्हणून आलेले. कातर आणि दाभण इथंही पिशवीत होतंच. भिंगरीही त्यांच्याच दुकानात शिवायला बसते. लहानपणी ती दुकानाच्या माळ्यावर फोमचा गठ्ठा काढायला चढली आणि पाठीवर पडली. त्याआधी एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. अपघातानंतर सगळ्यांनी ते नाव गुपचूप गिळून टाकलं. पोरगी अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यांवर डाफरली, "पाय गेलेत, नाव नाही गेलेलं!" मग लोक पुन्हा भिंगरी म्हणायला लागले. बाबांना मात्र ते जमलं नाही. त्यांची ती तेव्हापासून नुसती 'बाळा' झाली.

"मी हरकत घेतलीय," कोच म्हणाला. "दुपारी दुसरे डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत. आता नीट ऐक. या लोकांना संशय आला तो ह्या पाठीमुळे."

त्यानं नावेतल्या बैठकीकडे बोट दाखवलं. बैठकीची टेकायची पाठ जेमतेम वीतभर उंच होती. पहिल्या वर्षी ती भिंगरीच्या खांद्यापर्यंत होती, वर छातीला पट्टे. पण दर हंगामात कंबर जरा सावरली, की ती बाबांना सांगायची, "दोन बोटं कापा." बाबा कुरकुरत कापायचे. मग ती पाण्यात उलटायची, नाकातोंडात पाणी जायचं, शिव्या घालत वर यायची, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा, "दोन बोटं." बाबांना काही ते पाहवेना. त्यांनी आपलं एक उंच पाठ वेगळी करून ठेवली होती, अडीअडचणीला असावी म्हणून. जिथं भिंगरी जाईल तिथं ती पाठ त्यांच्या काखेत.

"तीच लाव," कोच म्हणाला. "पट्टे आवळून घे. आणि डॉक्टर 'ढकला' म्हणाले, की पायानं जरा बेतानं ढकल."

"म्हणजे नाटक करू?"

"नाटक कशाला? दमली आहेस असं समज. हे बघ, तिसऱ्या गटात तू अंतिम फेरीसुद्धा गाठणार नाहीस. आणि अंतिम फेरी नाही, तर पुढच्या वर्षी पथकात जागा नाही. हा नियम मी केलेला नाही. पदक घ्यायचं की घरी बसायचं, तुझं तू ठरव."

बाबा पुढे आले. "बाळा, सर सांगतात ते ऐक गं. एवढीशी तर गोष्ट. जरा सैल बस, मान टाक. तुला येतं ना ते."

येतं म्हणजे काय, त्यांनीच शिकवलं होतं. अपंगत्वाचा दाखला काढायला कचेरीत गेले तेव्हा दाराशी थांबून त्यांनी पोरीच्या कानात सांगितलं होतं, 'मान खाली टाक, डोळे वर करू नको.' तिनं टाकली. टेबलामागचा माणूस 'च्च् च्च्' करत सही करून मोकळा झाला. काम फत्ते! पण ती टाकलेली मान वर काढायला भिंगरीला पुढे कितीतरी वर्षं लागली, ते त्या माणसाला कुठं ठाऊक?

तरीही ती गप्प राहिली. का राहू नये? तिला पदक हवं होतं. चांगलं गळ्यात घालून, दुकानाच्या दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचं होतं. आणि पथकातली जागा गेली की हे पाणी गेलं, मग राहिलं काय, तर रेक्झिन आणि खिळे. तिनं बाबांना उंच पाठ बसवू दिली.

दुपारी तपासणीच्या खोलीत नावेच्या मापाचा लाकडी खोका ठेवला होता. त्यात तिची बैठक बसवली, तिला बसवलं, पट्टे आवळले. काय मऊ होती मेली ती पाठ! बाबांनी जीव ओतून केलेली. खांद्यापासून कंबरेपर्यंत सगळं कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं झालं. आपण हळूहळू विरघळतोय, असं तिला वाटलं.

म्हातारे डॉक्टर चाकांच्या गोल स्टुलावर बसून समोर आले. त्यांनी तिच्या उजव्या पायाच्या तळव्याला दोन्ही हात टेकवले. "हं, ढकला."

तिनं दाराकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते. लेक विसरली बिसरली तर, म्हणून त्यांनी स्वतःची मान खाली टाकून दाखवली. खांदे पाडले, हात लोंबते सोडले. आयुष्यभर ताठ बसून दाभण ओढणारा माणूस, परक्या लोकांसमोर लुळा होऊन उभा राहिला.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक मिनिट थांबा," ती डॉक्टरांना म्हणाली. तिनं पट्टे सोडले, हात मागे घालून ती पाठ उपसून काढली आणि बाबांकडे फेकली. "धरा ही. आणि आधी मान वर करा बघू!"

मग ती कशाला न टेकता ताठ बसली. "हं. आता म्हणा."

"ढकला," डॉक्टर म्हणाले.

पायात जोर तो केवढा, मूठभर. पण सगळाच्या सगळा लावला, कंबरेचाही घातला, आणि स्टूल पडलं चाकांचं! डॉक्टर जे निघाले ते खडखडत मागच्या कपाटावर जाऊन आदळले. चष्मा नाकावरून हनुवटीवर आला.

"तिसरा गट," ते चष्मा सावरत म्हणाले, "यात मला काही शंका दिसत नाही."

"मलाही नाही," भिंगरी म्हणाली. "ही कंबर मी पाण्यात पडून पडून कमावलीय. तिला लपवायला नाही आले मी इथं."

बाहेर आल्यावर कोच कडाडला, "आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतलास!"

"पायावरच ना, सर? मग मला नाही लागायचा."

बाबांनी ती उंच पाठ काखेत मारली आणि ते दोघांच्या मागून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी. नऊ नावा, पहिल्या तीन अंतिम फेरीत. शेजारच्या लेनमधल्या बाईनं आपला खोटा पाय धक्क्यावर काढून ठेवला आणि चांगल्या पायानं नावेत असा रेटा दिला, की भिंगरीला तिचा हेवाच वाटला. सुटल्या सुटल्या सगळ्या पुढे गेल्या. भिंगरी सगळ्यात मागे. काठावर कोचनं डोक्याला हात लावला.

पण ती भिंगरी होती. अर्ध्यावर तिनं एकीला गाठलं, मग दुसरीला, मग एकेक करत आणखी तिघींना. वल्हं पाण्यात घालायचं, कंबर पिळायची, ओढायचं, की दुसरी बाजू. पोट पेटलं होतं. शेवटी शेवटी खोट्या पायाची बाई आणि ती अगदी बरोबरीनं वल्हवत होत्या. त्यांच्या पुढे फक्त दोघी. रेषा आली, दोघींनी नावा पुढे झोकल्या, आणि भिंगरी हाश्श करून मागे टेकायला गेली. मागे टेकायला होतं काय, तर ती वीतभर पाठ! गेली सरळ पाण्यात!

मदतीच्या बोटीनं तिला उचललं तेव्हा ती खोकत होती आणि शिव्या घालत होती. फलकावर निकाल लागला होता. चौथी. वीतभरानं गेलं.

"झालं समाधान?" धक्क्यावर कोच म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, नुसता दमलेला होता. "दुसऱ्या गटात आज तुझ्याजवळपाससुद्धा कुणी नव्हतं. आता जागा गेली. मी काही करू शकत नाही."

"तुम्ही काही करूच नका, सर." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलंही नाही. "निवड चाचणी सगळ्यांना खुली असते ना? येते मी तिथं. तुम्ही देऊ नका जागा. मी घेईन."

कोच मान हलवत निघून गेला.

बाबा ओल्या धक्क्यावर मांडी घालून बसले होते, बुडाखाली ती उंच पाठ. एकदाची कशाला तरी उपयोगी पडली बिचारी. डोळे लाल झाले होते, पण मान वर होती. त्यांनी काठाला लावलेल्या नावेतून बैठक सोडवून मांडीवर घेतली, पाणी निथळू दिलं, आणि पिशवीतून कातर काढली.

"भिंगरी," ते म्हणाले, "किती कापू?"

तिला आधी वाटलं, कानात पाणी गेलंय.

"दोन बोटं," ती म्हणाली. मग नाक पुसलं. "नाही, थांबा. सगळीच काढा."

बाबांनी जराही कुरकुर न करता रेक्झिनला कातर लावली.