बिनगाठीचा अंगरखा

चुन्ही थापा मारायला इतकी सरावली होती, की आता तिची जीभसुद्धा अडखळत नव्हती. इस्पितळात गेली की आई तिचा हात चाचपायची आणि विचारायची, "चुन्ये, माझे कपडे उन्हात घातलेस का गं?"

"घातले की, आई."

"कसर नाही ना लागली?"

"छे! लागते कुठली!"

की म्हातारी समाधानानं डोळे मिटायची. डोळ्यांना तसंही दिसत नव्हतंच. आणि ते कपडे या जगाच्या पाठीवर कुठे आहेत, हे चुन्हीला मुळी ठाऊकच नव्हतं.

कपडे म्हणजे मरणाचे कपडे. आईनं, माक्सुननं, ते गावी एका अधिक महिन्यात शिवले होते. अधिक महिन्यात देवांचं माणसांकडे लक्ष नसतं अशी तिकडची समजूत, म्हणून असली कामं तेव्हाच उरकून घ्यावीत. शिवाय आपलं कफन आपण शिवून ठेवलं की आयुष्य वाढतं म्हणतात. आळीतल्या बायका जमल्या, तागाचं कापड अंथरलं, शिवणं कमी आणि खिदळणंच जास्त. चुन्ही तेव्हा लग्नाची होती. सुया ओवून देता देता तिनं सवयीनं दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली, आणि आईनं हातावर सणसणीत चापट दिली.

"गाठ मारू नको गं बाई! जीव अडकून राहील माझा त्यात!"

या कपड्यांना गाठ नसते, बटण नसतं, खिसाही नसतो. जाणाऱ्याला न्यायचंय काय? पण चापटीसरशी सुई चुन्हीच्या बोटात शिरली आणि अंगरख्यावर, छातीपाशी, रक्ताचा ठिपका पडला. ती धुवायला उठली तर आई म्हणाली, "राहू दे. तेवढीच तू माझ्याबरोबर."

एवढं सगळं आठवत असूनही ही बया विसरली, याला काय म्हणावं? शहरातल्या जेगीदोंग वस्तीतली त्यांची चाळवजा घरं पाडायला निघाली, आई इस्पितळात, चुन्हीच्या नशिबी एक खोली. शिंपल्यांच्या नक्षीचं आईचं काळं कपाट त्या खोलीच्या दारातून शिरेना. भंगारवाल्यानं विचारलं होतं, "मावशी, आत काय आहे ते बघून घेता का?" ती कातावून म्हणाली, "जुनेर आहे हो सगळं. न्या एकदाचं, सुटले मी!" खालच्या खणात त्या कपड्यांचं गाठोडं होतं. आईनं कपड्यांचं पहिल्यांदा विचारलं तेव्हा चुन्ही तिला पेज भरवत होती. चमचा हातातच राहिला.

तेव्हापासून ती दोंगम्योच्या जुन्या बाजारात पायपीट करत होती. रस्त्यावर कपड्यांचे ढीग, एका बाजूनं म्हातारे उकरतायत, दुसऱ्या बाजूनं कॉलेजची पोरं. तिच्या तरुणपणी ज्यांना लोक नाकं मुरडायचे, ते खांदे फुगवलेले कोट, ते फुलाफुलांचे थर्मास, ही पोरं मिरवत घेऊन जायची. ढिगामागची ओळखीची बाई हसायची. "काय गं, आजही तागच? नवरा बघ त्यापेक्षा, तो लवकर मिळेल!" पण आज चुन्हीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. सकाळीच इस्पितळातून आयाचा फोन आला होता: म्हातारीनं अन्न सोडलंय, कपडे तयार ठेवा.

"चांगलं तागाचं काही आलं की ते सेब्योल उचलते," बाई म्हणाली. "सोंगसूला दुकान आहे तिचं. 'आजीचं कपाट'. जा, पळ."

तडक इस्पितळात जावं की दुकानात? रिकाम्या हातानं आईपुढे उभं राहायची तिची छाती होईना. ती सोंगसूला गेली.

दुकानात शिरताच तिला कपाट दिसलं. म्हणजे कपाटाचं दार. त्याला लोखंडी पाय लावून टेबल केलं होतं, शिंपल्याच्या बगळ्यांवर कॉफीचे पेले ठेवले होते. आणि आरशासमोर एक पोरगी तागाचा अंगरखा घालून गिरक्या घेत होती. कमरेपर्यंत कापलेला, पुढे लाकडी बटणं, छातीवर मोठा थोरला खिसा.

"कसला गोड दिसतोय ना!" ती म्हणत होती. "अगदी आजीच्या काळातला!"

चुन्हीनं जाऊन सरळ त्या खिशाची कड उचकटली. आत, कापडावर, तपकिरी ठिपका होता.

"अहो मावशी! हात काय लावताय?" पोरगी ओरडली.

"काढ. काढ तो अंगातून, पोरी."

सेब्योल धावत आली. तिशीतली, केस आखूड कापलेली, बोलायला मऊ. "मावशी, त्यांनी आधी पसंत केलाय. तुम्हाला दुसरा दाखवते ना. याला खिसा-बटणं तेवढी मी लावलीत, मूळची शिलाई हाताची आहे, कुठे एक गाठ सापडायची नाही. हल्ली कोण करतंय असं?"

"गाठ नाही ती का नाही, हे आईला विचारलंस कधी आपल्या?" चुन्हीचा आवाज चिरकला. "अगं, मढ्याचे कपडे आहेत ते! माझ्या आईचं कफन आहे!"

पोरगी किंचाळली. अंगात आग लागावी तसा तिनं अंगरखा ओरबाडून जमिनीवर फेकला आणि रडत बाहेर पळाली. सेब्योल पांढरीफटक पडली. आतून मीठ आणून तिनं बाधा टळावी म्हणून दारात, उंबऱ्यावर, स्वतःच्या खांद्यांवर फेकलं.

"मला खरंच माहीत नव्हतं, मावशी. मला वाटलं उन्हाळ्याचे कपडे असतील. न्या तुम्ही, पैसे नकोत."

"आणि बाकीचं? घागरा होता, हातमोजे होते, तोंडावर टाकायचा रुमाल होता."

सेब्योलनं मान खाली घातली. घागऱ्याचे पडदे झाले होते. रुमाल चहाच्या ट्रेवर घालायला कुणीतरी नेला होता. चुन्हीनं जमिनीवरचा अंगरखा उचलला. भांडायला तोंड होतं कुठे? गाठोडं घराबाहेर काढलं ते काही सेब्योलनं नव्हे.

इस्पितळात आईच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. श्वास घरघरत होता. खिसा आणि बटणं काढावीत म्हणून चुन्हीनं आयाकडे कात्री मागितली, पण वॉर्डात कात्री ठेवत नाहीत. मग तिनं अंगरखा तसाच आईच्या हाताखाली सरकवला.

"आई, बघ. तुझे कपडे आणलेत."

म्हातारीच्या चेहऱ्यावर जीव आला. सुरकुतलेली बोटं कापडावर फिरली, शिवणीवर चालत गेली, आणि खिशापाशी थबकली. आत शिरली. बाहेर आली. खिशाच्या कोपऱ्यातली गाठ दोन बोटांत धरून तिनं चुरून पाहिली.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे गं आई!"

"खुळी का तू? मढ्याला खिसा कशाला?" आई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं उचलून आणलंस, चुन्ये. परत देऊन ये. तिचीही लेक असेल कुणीतरी. शोधत असेल बिचारी." मग धापा टाकतच तिनं विचारलं, "माझे वाळवलेस ना?"

"वाळवले, आई."

चुन्ही बाहेर बाकावर येऊन बसली आणि दातांनी दोरे तोडू लागली. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. आधी बटणं निघाली, मग खिसा. टाके मशीनचे होते, गाठी घट्ट. हिरडीतून रक्त आलं तरी ती थांबली नाही. शेवटी कापड मोकळं झालं आणि ठिपका उघडा पडला, मसुराएवढा.

ती धावत आत आली. आईचं बोट धरून तिनं त्या ठिपक्यावर टेकवलं. "आई, हे बघ. माझं रक्त. तूच म्हणालीस ना, राहू दे?" तिनं बोट पुन्हा पुन्हा फिरवलं. पण डाग बोटाला कुठे लागतो? खिशाच्या टाक्यांची भोकं तेवढी लागत होती.

आईचे ओठ हलले. चुन्हीनं कान जवळ नेला.

"दिलंस का परत?"

"दिलं, आई," चुन्ही म्हणाली. "तिच्या लेकीच्याच हातात दिलं."