आधी पाय कापले, मग पाया पडले

मी टेबल बोलतोय. दचकू नका. आणि ऐकता ऐकता हातातली पिशवी माझ्यावर ठेवू नका. तेवढं पाळलंत तर आपलं जमेल.

मी वरून आंब्याचा आणि खालून बाभळीचा. म्हणजे तोंडाला बरा, पायाला आडमुठा. आंब्याचं झाड आष्ट्याच्या अलीकडं मानसिंग सुभेदारांच्या उसाच्या बांधावर होतं. कैऱ्या इतक्या आंबट की पोरंसुद्धा दगड मारायची नाहीत. वादळात ते आडवं झालं तेव्हा कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. फळ्या पाडल्या, गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या, आणि त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. जन्म तसाच गेला असता, पण घरात अंकिता आली.

अंकिता सुभेदारांची सून, माहेर कराडचं. नवरा विश्वजीत फौजेत, कायम सरहद्दीवर. मुलगी शिवांजली बालवाडीत. अंकिता घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. मोबाईलच्या ॲपमधलं कुठलं बटण कुठं असलं म्हणजे माणसाचा अंगठा बरोबर तिथं जाईल, हे ती ठरवायची. पण स्वतः मात्र पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन बसायची. उठताना कंबर धरून उठायची. शेवटी तिनं ठरवलं, टेबल पाहिजे.

नुसतं टेबल नव्हे हं. तिच्या मोबाईलमध्ये चित्रं होती. फिकट रंगाची भिंत, लाकडी टेबल, पिवळसर दिवा, बाटलीत एक वेल, शेजारी चहाचा कप. त्या चित्रांत माणूस मात्र कुठंच दिसत नव्हता. मी म्हणतो, माणूस नव्हता म्हणूनच ती टेबलं तशी राहिली.

आकाराम सुतार आला तेव्हा अंकिता पोरीला आणायला बालवाडीत गेली होती. त्यानं विचारलं, "उंची किती धरू?" सुभेदार पुढं झाले. फौजेत त्यांनी जन्मभर साहेबाच्या टेबलापुढं उभं राहून सह्या केलेल्या. त्यांच्या लेखी ऑफिस म्हणजे उभ्यानं करायची गोष्ट. त्यांनी बरगडीला हात लावला आणि म्हणाले, "हितपतूर." सुभेदारांपुढं उलट बोलायची आकारामची टाप नव्हती. त्यानं तेवढी उंची धरली.

झालं. अंकिता खुर्चीवर बसली तर माझ्यावरून तिचे नुसते डोळे दिसायचे. सुभेदार म्हणाले, "जरा पाय कमी कर रं आकाराम, बाकी ब्येस हाय." ज्याचे पाय होते त्याला कुणी विचारलं नाही. पुण्यात म्हणे उभं राहून काम करायची टेबलं लोक हौसेनं घेतात. आमच्याकडं तसलं टेबल चुकून जन्माला आलं आणि त्याच दिवशी लंगडं झालं. एक पाय जरा जास्तच कापला गेला. त्याच्याखाली शेजारच्या आप्पासो पाटलांच्या पोराची लग्नपत्रिका घडी करून घातली. पत्रिका जाड होती, अजून टिकून आहे.

मग अंकितानं मला सजवलं. मला खिडकीच्या बाजूला असं लावलं की उजेड डावीकडून यावा आणि पडद्यावर चमकू नये. लॅपटॉप डोळ्याच्या रेषेत यावा म्हणून त्याच्याखाली पोळपाट उपडा घातला. तो सासूबाईंनी चपात्यांच्या वेळेला ओढून नेला, म्हणून मग आकारामनं छोटी घडवंची करून दिली. मागच्या भिंतीला पिस्ता रंग दिला. सासूबाई, म्हणजे हरणाबाई, भिंत बघून म्हणाल्या, "दवाखान्यागत दिसतंय." पण बघून गेल्या परत परत. बाटलीतली वेल आली, पिवळा दिवा आला. आणि एक फिरती खुर्ची आली. पाठीला जाळी, बुडाला चाकं, अंगात नखरा. बाई, त्या खुर्चीचं काय कौतुक! अर्धी गल्ली तिच्यावर गरागरा फिरून गेली. चार पायांवर मुकाट उभा असलेला मी, माझ्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही.

बघितलं ते हरणाबाईंनी. आणि त्यांना दिसली रिकामी जागा.

माणसाला रिकामी जागा बघवत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आधी एक डबा आला. डब्याच्या सोबतीला वाळवणाची परात आली. मग शेंगांनी भरलेली वेताची बुट्टी, सुभेदारांचा चष्मा, लाईट बिल, शिवांजलीची एक चप्पल. दुसरी कुठं होती देव जाणे. अंकिता रोज सकाळी सगळं उचलायची आणि दुपारपर्यंत ते परत चढायचं. कॅमेऱ्यात पिस्ता भिंत, वेल आणि नीटनेटकी अंकिता. कॅमेऱ्याच्या खाली मी आणि माझ्यावर किलोनं शेंगा. जगभरची बटणं जागेवर बसवणाऱ्या बाईला घरातली एक बुट्टी जागेवर बसवता येईना.

हरणाबाई वाईट नव्हत्या हो. कष्टाळू बाई. पण काम म्हणजे ज्यात घाम येतो ते, असा त्यांचा हिशोब. खुर्चीवर बसून पडद्याकडं बघणारी सून त्यांना मोकळीच दिसायची. मग मीटिंग चालू असताना त्या आत यायच्या. "अंकिता, दळान कवा आनायचं गं?" तिकडं पुण्यातले लोक थांबायचे. एकदा तर परसातून म्हैस सुटली म्हणून सुभेदारांनी फौजी आवाजात अशी आरोळी ठोकली की मीटिंगमधल्या एका गृहस्थाच्या हातातून कप पडला.

मग पुण्याच्या साक्षी मॅडमनी, म्हणजे अंकिताच्या साहेबांनी, सांगितलं. "घरून काम चालेल, पण ते ऑफिसासारखं झालं पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, सिंगापूरच्या लोकांना तू काम दाखवणार आहेस. तेव्हा जर असं काही झालं, तर दिवाळीनंतर पुण्याला यावं लागेल."

अंकितानं लॅपटॉप मिटला आणि माझ्यावर डोकं टेकलं. पुण्याला जायचं म्हणजे एक तर पोरीला भाड्याच्या खोलीत दिवसभर परक्याकडं ठेवायचं, नाही तर पोरीला इथं ठेवून एकटीनं जायचं. नवरा आधीच लांब. आता पोर पण लांब. ती रडली, आणि ते पाणी माझ्या फळीवर पडलं. परातीखालच्या डागांची मला शिसारी आहे, पण त्या डागाला मी काही बोललो नाही.

रात्री जेवताना तिनं घरात सगळं सांगितलं. सुभेदार म्हणाले, "त्या दिवशी घरात पिन पडल्याचा आवाज हुनार न्हाई." हरणाबाईंच्या ताटातली भाकरी तशीच राहिली, त्या नातीकडं बघत बसल्या.

आणि खंडेनवमी उजाडली.

आमच्या भागात नवमीला हत्यारं पुजतात. कोयता, खुरपं, कुदळ, पहार, ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. आणि एकदा मांडलं की दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारालाही सुट्टी.

अंकिता आंघोळीला गेली होती. हरणाबाई ओल्या फडक्यानं मला पुसायला लागल्या. मी हादरलो. या बाईनं मला आजवर फक्त भरलेलं होतं, पुसलेलं नव्हतं. मग त्यांनी सुभेदारांना हाक मारली आणि दोघांनी मला उचलून बाहेरच्या सोप्यात आणलं, पूर्वेकडं तोंड करून. पिस्ता भिंत राहिली आत, वेल राहिली आत, दिवा राहिला आत. हरणाबाईंनी माझ्यावर कोयता मांडला, खुरपं मांडलं, सुभेदारांचा परेडचा पट्टा मांडला. आणि मधोमध, सगळ्यांच्या मानाच्या जागी, अंकिताचा लॅपटॉप. त्याच्यावर हळदकुंकू, त्याच्यावर झेंडूचं फूल. शेजारी निरांजन. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि माझ्या कापलेल्या पायांपाशी डोकं टेकवलं. खोटं कशाला बोलू, मला गहिवरून आलं. फिरत्या खुर्चीला कुणी साधी हळद लावली नव्हती.

अंकिता केस पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली.

"आई, हे काय केलंत?"

"तुजं बी हत्यार हाय न्हवं गं," हरणाबाई म्हणाल्या. "तुज्यावर बी घर चालतंय. इतकी वरसं माज्या ध्यानात आलं न्हाई. म्हनलं, औंदा तुजं मदी मांडायचं."

ज्या गोष्टीसाठी अंकिता लग्न झाल्यापासून थांबली होती ती मिळाली, आणि नेमकी आज मिळाली. ती हळूच म्हणाली, "आई, आता थोड्या वेळात सिंगापूरची मीटिंग आहे. मला लॅपटॉप घ्यावा लागेल."

हरणाबाईंचा चेहरा उतरला. "मांडल्यालं हत्यार चालवायचं न्हाई गं बाय. पोरगं तिकडं सरहद्दीवर हाय माजं. इपरीत काय झालं म्हंजे?"

एकीकडं पोरीची आई, दुसरीकडं पोराची आई, आणि मधे मी निरांजन सांभाळत उभा. अंकिता मागं सरली. ती सासूच्या मनाविरुद्ध हात घालणार नाही हे मला दिसत होतं, आणि दिवाळीनंतरची पुण्याची खोलीही दिसत होती.

सुभेदार खाकरले. "आगं, आमी चौकीवर नवमीला रायफल पुजायचो. कुंकू लावायचो, फूल वाहायचो. आनि पहाऱ्याची पाळी आली की तीच रायफल घेऊन हुबं ऱ्हायचो. पुजली म्हनून मोकळ्या हातानं पहाऱ्यावर कोन जातंय? तुजा विश्वजीत आज काय मोकळ्या हातानं हुबा आसंल व्हय?"

हरणाबाईंनी लॅपटॉपवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मग पदरानं डोळे पुसले. "हातपाय धुऊन ये," त्या सुनेला म्हणाल्या. "चप्पल घालून शिवायचं न्हाई. आनि जागचं हलवायचं न्हाई. हितंच बसून काय करायचं ते कर."

अशी ती मीटिंग सोप्यात झाली. फिरती खुर्ची आत राहिली, अंकिता लाकडी स्टुलावर, अनवाणी. लॅपटॉपच्या उजवीकडं कोयता, डावीकडं खुरपं. मागं पिस्ता भिंत नाही, उघडं दार आणि अंगण. इतके दिवस लपवलेलं सगळं घर कॅमेऱ्यात आलं. आणि दाराशी सुभेदार सावधान उभे, त्यांच्या बाजूला हरणाबाई तोंडावर पदर धरून.

अंकिताचं बोलणं रंगात आलं आणि अंगणात आप्पासो पाटील उगवले. आप्पासोंचा आवाज असा की ते कानात बोलले तरी वेशीवर ऐकू जातं. त्यांनी तोंड उघडलं. सुभेदारांनी हात वर केला. आप्पासोंनी आत बघितलं. सगळं घर गप्प, निरांजन तेवतंय, हरणाबाईंच्या तोंडाला पदर, सुभेदार ताठ. आप्पासोंनी गुमान टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घालून उभे राहिले. हलले नाहीत हो, शेवटपर्यंत.

मीटिंग संपली. सिंगापूरची माणसं गेली, साक्षी मॅडम राहिल्या. त्यांनी विचारलं, "अंकिता, तुझ्या मागं ते लोक कोण उभे आहेत?"

एरवी तिनं काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेली असती. आज म्हणाली, "घरचे आहेत मॅडम. माझं काम चालू असलं की ते कुणाला आत येऊ देत नाहीत."

"आमच्या ऑफिसातसुद्धा इतकी शांतता नसते," साक्षी मॅडम म्हणाल्या. "तू तिथूनच काम कर."

अंकितानं लॅपटॉप मिटला आणि फूल परत त्याच्यावर ठेवलं. तेव्हा आप्पासो दबक्या आवाजात सुभेदारांना म्हणाले, "कोन गेलं?"

"कोन न्हाई," सुभेदार म्हणाले. "सुनंची मीटिंग व्हती."

दसऱ्यानंतर मी परत खिडकीपाशी आलो. हळद माझ्या रेषांत बसली ती निघत नाही, आणि अंकिता काढायला जात पण नाही. हरणाबाईंनी मला शिस्त लावली म्हणा किंवा स्वतःला, माझ्यावर आता फक्त लॅपटॉप, वेल आणि एक कप असतो. अगदी चित्रातल्यासारखा दिसतो मी, फक्त इथं माणूस आहे. तुमच्याही घरात कुणी टेबलाशी बसून काम करत असेल, तर बुट्टी ठेवायच्या आधी दोन्ही हात जोडून बघा. हात जोडलेले असले की काही ठेवता येत नाही.

कालच रंगुबाई आली होती, हरणाबाईंची मैत्रीण. दारातूनच म्हणाली, "अंकिता कुठं हाय? जरा बोलवा की."

"कामावर गेलीया," हरणाबाई म्हणाल्या.

रंगुबाईनं खिडकीतून बोट दाखवलं. "आवं, ती काय हितंच बसलीया."

"बसली न्हाई," हरणाबाई म्हणाल्या. "कामावर हाय. सांजच्याला ये."

बरं, आता मलाही गप्प बसलं पाहिजे. अंकिताची मीटिंग सुरू होतेय आणि हरणाबाई दाराशी येऊन बसल्यात. त्या मलाही सोडायच्या नाहीत.