वेचणीच्या दिवसांची भाकर

लीलाबाईनं चपला काढल्या, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर टेकवला आणि हळूच वजनकाट्यावर चढली. आकडे जरा वरखाली झाले आणि थांबले. तिच्या आधी सूर्यभाननंच ते वाकून वाचले.

"अडुसष्ट. दसऱ्याले ऐंशी होतं. लिवा म्याडम."

समोर बसलेल्या जुईली मॅडमनं लिहून घेतलं. अकोल्याच्या त्या दवाखान्यात गुडघ्याच्या डॉक्टरांच्या खोलीला लागून तिची छोटी खोली होती, आणि काय खायचं, किती खायचं हे ती सांगायची. वयानं आपल्या लेकीहून, दामिनीहूनही लहान असेल, असं सूर्यभानला पहिल्या खेपेलाच वाटलं होतं, पण पोरगी बोलायला पक्की. दहा किलो उतरल्याशिवाय डॉक्टर गुडघ्याला हात लावणार नाहीत, हे तिनंच समजावून सांगितलं होतं. आता दहाच्या जागी बारा उतरले होते. त्याची छाती फुगली नसती तरच नवल.

घाईही तशीच होती. दामिनीचं पहिलं बाळंतपण चैत्रात, माहेरीच व्हायचं होतं. लेकीला आपल्या हातानं न्हाऊ-माखू घालायचं, नातवंडाला पायांवर घ्यायचं, एवढंच लीलाबाईनं मनाशी धरलं होतं. त्यासाठी त्याआधी पाय धड व्हायला हवे होते. संक्रांत झाली की ऑपरेशन, असं ठरूनही गेलं होतं.

आणि सूर्यभाननं त्यासाठी कंबर कसली होती. मॅडमनं दिलेला कागद त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. साध्या दिवशी एका वेळेला एक भाकर. व्यायामाच्या दिवशी दीड, आणि वर वाटीभर जास्तीचं वरण. सून रागिणी हळवी, सासूनं नुसतं टोपलीकडे पाहिलं तरी वाढून मोकळी व्हायची. म्हणून वाढायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. दोन्ही वेळा ताटाशी बसायचा, भाकर घालायचा आणि तिचं जेवण होईपर्यंत जागचा हलायचा नाही. मुलानं, श्यामनं, परतवाड्याहून आईसाठी बूट आणले होते. ते घालून ती सकाळी देवळापर्यंत जाऊन आली की व्यायाम झाला. मग दीड भाकर. ज्या दिवशी बूट नाहीत, त्या दिवशी वरची अर्धी नाही. यात त्यानं कधी तिची गय केली नाही.

मॅडम आता रक्ताच्या तपासणीचा कागद वाचत होती. वाचता वाचता उठली आणि लीलाबाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"चक्कर येते का काकू?"

"येते थोडीशीक. उन्हानं."

"थंडीचे दिवस आहेत. उन्हात कशाला जाता?"

"वेचणी चालू हाय ना वावरात. बाया भेटत नाईत आजकाल. सकायी आठले जाचं, पाचले यायचं. कमरेले ओटी बांधली, कापूस भरू लागली, का गुडघा ध्यानातच राहत नाही."

"आणि त्या दिवशी जेवता किती?"

उत्तर सूर्यभाननं दिलं, मोठ्या उत्साहानं.

"एकच भाकर. वेचणीच्या दिवशी व्यायाम होत नाही ना म्याडम. बूट घालाले टाइमच भेटत नाही. मी सोता वाढतो, इकडचं तिकडं होऊ देत नाही."

मॅडमचा पेन थांबला.

"कधीपासून असं चाललंय?"

"दिवाईपासून."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं सूर्यभानला नंतर कितीदा तरी वाटलं.

"काका, अर्धा तास चालल्यावर मी अर्धी भाकर जास्त सांगितली होती. ह्या तर दिवसभर शेतात उभ्या होत्या."

"पन ते तं काम हाय," तो म्हणाला. "व्यायाम थोडीच हाय."

बोलला, आणि स्वतःचं बोलणं त्याच्याच कानावर आलं. संध्याकाळी बांधावर काटा धरून कापूस तोच मोजायचा. लीलाबाईचं गाठोडं बाकीच्या बायांहून जड भरायचं, आणि गुडघे दुखत असूनही बघा, म्हणून त्यानं चार जणांना कौतुकानं सांगितलंही होतं. तिथून घरी येऊन हातपाय धुवून तोच तिच्या ताटात एक भाकर घालत होता.

"चरबी उतरली तशी अंगातली ताकदही उतरलीय," मॅडम सांगत होती. "रक्त फार कमी आहे. डॉक्टरांशी बोलते मी, पण एवढ्यात ऑपरेशन होणार नाही. तीन-चार महिने तरी."

तीन-चार महिने म्हणजे चैत्र उलटून जाणार. लीलाबाईनं खाली बघत चपला चाचपल्या.

परतवाड्याच्या बसला अवकाश होता. सूर्यभान तिला स्टँडासमोरच्या खानावळीत घेऊन गेला आणि एकच ताट मागवलं, तिच्यासाठी. आपल्याला भूक नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं.

लीलाबाईनं पहिली भाकर पिठल्याशी खाल्ली, मग दुसरी. मान वर न करता, घास नीट चावायलाही न थांबता ती जेवत होती. तिसरी भाकर आली तेव्हा सूर्यभाननं नजर दुसरीकडे वळवली. आपल्या बायकोला भूक लागते कशी, हे आजवर त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अवं, भूक लागे तुले? वेचणीच्या दिवसात?"

"लागे ना. झोप नाही ये कधी कधी."

"मंग म्हनली काऊन नाहीस? एक डाव तरी म्हनाचं!"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"म्हनलं असतं तं तुमी उठून गेले असते. रागिणीले म्हनले असते, तूच वाढ बापा हिले आता."

"गेलो असतो तं गेलो असतो! पोटभर तं जेवली असती तू."

"हो, जेवली तं असती." ती थोडी हसली. "पन लगन झाल्यापासून माया ताटापाशी कधी बसले होते तुमी? मी म्हनलं, बसून राहिले तं बसू द्याव. अर्ध्या भाकरीसाठी काऊन उठवाव?"

सूर्यभाननं पाण्याचा गिलास तिच्या बाजूला सरकवला.

बाहेर भोंग्यावर परतवाड्याची गाडी लागल्याचं सांगितलं. लोक पिशव्या उचलून धावले. लीलाबाईनं घाईघाईनं उरलेली भाकर ताटाच्या कडेला सारली आणि हात पुसायला पदर घेतला.

"बसून राय," सूर्यभान म्हणाला. "जाऊ दे ते गाडी. मांगून दुसरी हाय."

दुसरी दोन तासांनी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. लीलाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, पदर सोडला आणि बाजूला सारलेली भाकर परत पुढ्यात ओढली.