पहिली प्रत

मित्रांनो, टेबलावर नक्षीचा कागद पसरलेला दिसतोय ना? तो उडू नये म्हणून त्यावर जी काळी चपटी डबी ठेवली आहे, ती मी. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. डोंगरातल्या नारिन गावी कालिपाबाईंच्या नमद्यांच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या गालिच्यांच्या, कारखान्यात मी सध्या वजनाचं काम करते. जन्मले मात्र आठवण ठेवण्यासाठी.

मला बाजारातून आणलं ते कालिपाबाईंच्या सुनेने, बुरुलचाने. बाहेर हिव पडलं होतं, म्हणून तिने मला आपल्या तान्ह्या एर्मेकच्या दुपट्यात गुंडाळून आणलं. इतकं मऊ मला पुन्हा कधी काही लागलं नाही.

कालिपाबाईंची आई, झूराकान आजी, नमद्यावर थेट खडूने नक्षी काढायची. कागद तिला ठाऊकच नव्हता. नमदे परदेशी जायचे, मागे उरायचे ते फक्त गिऱ्हाइकांना ई-मेलने पाठवलेले फोटो. आजी वारली. मग तिच्या नक्षीतली सगळी शिंगं, वेली आणि पक्षी संगणकातल्या एकाच फायलीत राहिले. वर्षानुवर्षांचं टपाल पोटात घेऊन ती फाईल फुगली होती. तिची प्रत सांभाळणं हे माझं काम.

सुरुवातीला बुरुलचा रोज सबंध फाईल माझ्यात उतरवायची. प्रत करताना टपाल बंद ठेवावं लागतं, नाहीतर ती अर्धवट उतरते. त्यात दिवस जायचा आणि माझं पोटही भरत आलं.

“दिवसभर टपाल बंद?” कालिपाबाई ओरडायच्या. “गिऱ्हाईक काय माझ्या दारात तंबू ठोकून बसणार आहे?”

बुरुलचाने मग युक्ती काढली. एकदाच सबंध प्रत, पुढे रोज फक्त बदललेले तुकडे. सबंध प्रत म्हणजे खालचा नमदा, तुकडे म्हणजे त्यावर शिवायची नक्षी. एका पायाने पाळणा हलवत ती काम सुरू करायची आणि चहाचं पाणी उकळायच्या आत संपवायची. कालिपाबाई शेजारणीला म्हणाल्या, “सून आणली ती डोकं घेऊन आली गं!” बुरुलचा लाजली. मित्रांनो, मीही फुशारले.

मग नोरूजचा, नव्या वर्षाचा सण आला. सणाआधी घरातलं जुनं-मोडकं बाहेर काढतात आणि आर्चाच्या झाडाची सुगंधी फांदी पेटवून खोलीखोलीत धूर फिरवतात. कालिपाबाईंनी धूर माझ्यावरूनही फिरवला. मग संगणकासमोर बसून माझ्यात काय काय आहे ते बघू लागल्या. बुरुलचा अंगणात सुमोलोकची, सणाच्या गव्हाच्या खिरीची, कढई ढवळत होती. ते ढवळणं मध्येच सोडता येत नाही.

“अगं ए, ही एवढी जाडी जुनी फाईल कशाला ठेवली आहेस? नव्या आहेत की ढीगभर!”

“आई, तिला हात लावू नका! मी आलेच!”

“आलेच म्हणे! कढई करपली तर वर्षभर घराला भोवेल. ढवळ तू.”

आणि त्यांनी पहिली प्रत पुसून टाकली. जुनं वर्ष जुन्या फायलीसकट घराबाहेर.

हात पुसत बुरुलचा आली. “आई, काढली नाहीत ना?”

“मला काय वेड लागलंय?”

सासूने शब्द दिल्यावर सुनेने उघडून बघणं म्हणजे सासूला खोटं पाडणं. तिने बघितलं नाही. रोज नवे तुकडे येत राहिले आणि पहिल्या प्रतीच्या रिकाम्या जागेवर लिहिले गेले. मी किती वेळा घरघरले! पण आमची घरघर कोण ऐकतं?

उन्हाळ्यात कळप वर डोंगरातल्या कुरणात गेले, तेव्हा एका दुपारी विजेचा दाब वाढला आणि संगणक जळाला. “डिस्क आहे ना,” म्हणत बुरुलचाने मला उघडलं. आत तुकडेच तुकडे होते, शिवायला खालचा नमदाच नव्हता.

“आई, पहिली प्रत तुम्हीच...”

कालिपाबाईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. पाहुण्या बायकांसमोर म्हणाल्या, “माझ्या आईला हिने दुसऱ्यांदा पुरलं!” मग बुरुलचाचा नवरा जेवायला आला. त्याने दोघींकडे बघितलं आणि पाव मोडून जेवायला घेतलं.

तेव्हापासून बुरुलचा ओढ्याच्या बर्फासारख्या पाण्यात लोकर धुते. तिची बोटं चिरली आहेत. एर्मेक आत रडतो, तेव्हा तिचा पान्हा कपड्यांतून झिरपतो. “आधी लोकर,” कालिपाबाई म्हणतात.

आता त्या स्वतः आठवून कागदावर नक्षी काढतात आणि वर मला ठेवतात. काल बुरुलचा कातरण उचलायला आली. कागदावरचं शिंग उलटं वळलेलं तिने पाहिलं. आजीच्या नमद्यांचे फोटो गिऱ्हाइकांना तीच धाडायची, तिला ते वळण पाठ आहे. चिरलेल्या बोटांनी तिने पेन्सिल उचलली आणि माझ्या कडेला लागून बरोबर वळण काढायला घेतलं.

“हात लावू नकोस. अजून काही बुडवायचं राहिलंय का?”

तिने पेन्सिल ठेवली. अर्धं वळण कालिपाबाईंनी खोडून टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यातली पहिली प्रत जुनी म्हणून फेकू नका. अधूनमधून ती उघडून बघा, कुणाला राग आला तरी बघा. माझ्यातल्या वेली आणि पक्षी गेले. बुरुलचातले अजून आहेत, रोज गार पाण्यात उभे असतात. ते कुणी मागत नाही. आणि मी इथे या उलट्या शिंगावर बसले आहे, ते हलू नये म्हणून.